सुतळीचं माप

शनिवार, १२ नोव्हेंबर १९९४, बसवनगुडी

आज लहान गाडी बघून आलो. मोठीचा भरवसा संपलाच आहे. परवा ह्यांना डायलिसिसला नेताना फाटकातच बंद पडली. हे आजारी पडल्यापासून शेजारचे मंजुअण्णाच ती चालवतात, बिचारे ढकलून घामाघूम झाले.

पण परतताना ह्यांना बसवत नाही, मागच्या सीटवर आडवंच व्हावं लागतं. म्हणून सकाळी जुन्या सीटचं माप सुतळीने घेतलं आणि सुतळी पर्समध्ये टाकली. वेडेपणा? असेल.

शोरूममध्ये मंजुअण्णा म्हणाले, ‘घ्या अक्का. पेट्रोल स्वल्प लागतं, वाटेत कधी अडणार नाही.’ मी मागच्या सीटवर सुतळी धरून बघितली. चांगली वीतभर उरली. मोठ्या गाडीतसुद्धा ह्यांना पाय मुडपावे लागतात, मग इथे?

हे तिकडे बघेनातच. मला स्टिअरिंगपाशी बसवलं, सीट पुढे घ्यायला लावली. ‘ब्रेकला पाय पोचतो ना? आता शिकून घे. हलकी आहे चालवायला.’

मी चिडलेच. ‘अहो, पण तुम्ही मागे झोपणार कसे?’

अण्णा गुपचूप बाहेर गेले. ह्यांनी माझ्या हातातली सुतळी काढून घेतली, बोटाला गुंडाळली, खिशात टाकली.

‘मागची सीट मुलींच्या मापाने बघ.’

मी ‘बरं’ म्हणाले. गाडी ठरली.

मघाशी जेवताना मी दोघी मुलींकडे बघत बसले होते. मावतील. अगदी ऐसपैस मावतील.