अठरानंतरची साखळी

बाबा, काल पिंपळगाव राजाला माझं भाषण झालं आणि खाली उतरल्यावर एका मुलीने मला गप्प केलं. तुम्हाला ते कधी जमलं नव्हतं.

आपल्या घाण्यावर तुम्ही तळहातावर तेल चोळून, हुंगून सांगायचात, करडई की जवस, ताजं की शिळं. मी समुद्रातल्या स्पंज नावाच्या जीवाच्या चरबीवर संशोधन करणार म्हणाले, तेव्हा म्हशीपुढे ढेप टाकत तुम्ही म्हणालात, "ज्याले तोंड ना पाय, त्याच्या चरबीत कोणत्या भाजीले फोडणी देशीन? करडई काऊन नाही चालत तुले?" आई म्हणाली, "जाऊ द्या ना तिले." "जाय म्हन. पन माहा होकार नाही." मी गेले. त्याची माफी आजही मागत नाही.

तिथे प्रयोगशाळेत चूक मात्र घाण्यावरच्या पोरीला शोभेल अशीच केली. तेलातली आम्लं वेगळी करणाऱ्या यंत्रातून कार्बन अणूंच्या आखूड साखळ्या आधी निघतात, लांब मागून. करडईचं सारं अठरा कार्बनांपाशी आटोपतं, म्हणून स्पंजाचा नमुना लावूनही मी तिथेच यंत्र बंद करायची. एकदा बंद करायचं विसरून जेवायला गेले. परत येते तो कागदावर नवे उंचवटे उमटताहेत: चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस कार्बनांच्या साखळ्या, दुहेरी बंध भलत्याच जागी. आपल्या घाण्यातून असलं काही कधी निघालं नव्हतं. तो बिनहातापायाचा जीव स्वतःच्या पेशींचे पडदे याच चरबीने विणतो. आपल्या फोडणीला चालत नाही ते निरुपयोगी, हा न्याय मला तेव्हा मान्य नव्हता, आज तर नाहीच.

काल भाषणात स्पंजाचं हे सगळं सांगितलं. शेवटी नेहमीप्रमाणे म्हणाले, "माझ्या वडिलांनी डोक्यावर हात ठेवून मला पाठवलं." टाळ्या पडल्या. मग ती मुलगी आली, हातात प्रवेशाचा कोरा अर्ज. "मॅडम, माहा बाप त नाहीच म्हन्ते. तुमच्या वडलांसारखा बाप मी कुठून आनू?"

बाबा, तुमचा मान राहावा म्हणून मी वर्षानुवर्षं ही थाप मारत आले, आणि त्या थापेपायी ती पोर अर्ज न भरताच परत चालली होती. उद्या तिच्या घरी जाऊन, तिच्या बापासमोर सांगणार आहे की मला कुणी पाठवलं नव्हतं. तुमचं नाव खाली येईल. येऊ द्या.

तुम्ही गेल्याला वर्षं झाली; हे पत्र कुठे जाणार नाही. भरल्या मंचावर मी कुणाला भीत नाही. पण वरची चार वाक्यं लिहिताना, तुम्ही रागवाल म्हणून, दोनदा उठले.