चाळीस पौंड हवा

आबा, तुमच्या लेकीनं बावन्नाव्या वर्षी गाडी घेतली. जुनीच, पण लाल, बुटकी, दोनच माणसं बसतात अशी. तुम्ही असता तर विचारलंच असतं, "आन् पावनं आलं तर त्यास्नी टपावर बसवायचं व्हय?" टपही कापडी आहे, आबा. सोसायटीतल्या बायकांनी तोंडावर कौतुक केलं आणि लिफ्टमध्ये खुसखुसल्या. खुसखुसू देत! तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला, एक हौस करायची नाही का माणसानं?

घोळ झाला तो हवेचा. मार्केटच्या गेटाजवळचं आपलं टायरचं दुकान मला आजही जसंच्या तसं दिसतं. कांद्याचे ट्रक लागलेत, कॉम्प्रेसर धडधडतोय, आणि तुम्ही टॉमीच्या लोखंडी दांड्यानं टायरवर ठोका मारून नुसत्या आवाजावरून सांगताय, "मऊ हाय." कॉलेजात असताना एकदा डबा घेऊन आले होते, तेव्हा हौसेनं एका चाकात मीच हवा भरली आणि कमी ठेवली. सगळ्या हमालांसमोर केवढ्यानं ओरडलात! "ट्रकात कांदा हाय, कापूस न्हाय! हवा टाईट पायजे!" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला, पण धडा पक्का बसला. म्हणून या गाडीच्या चारही चाकांत मी चाळीस पौंड हवा मारली. दाराच्या कडेला स्टिकर आहे, पुढं अठ्ठावीस, मागं तीस. हे म्हणाले, "अगं, ते वाच तरी." मी म्हटलं, "मी टायरवाल्याची मुलगी आहे, मला स्टिकर शिकवू नका."

मग काय, पाम बीच रोडवरच्या प्रत्येक जोडावर गाडी टणाटण उडायला लागली. वळणावर तर रस्ता सोडून पळायला बघायची. यांच्या कमरेला पट्टा लागला. जुईनगरला नणंदेकडं जाऊन आलो त्या दिवशी हे दोन्ही हातांनी दार धरून उतरले आणि म्हणाले, "एक तर ही गाडी वीक, नाहीतर यापुढं मी रिक्षानं तुझ्या मागून येतो." गाडी ती गाडी आणि वर नवराही जायची पाळी! विकते म्हटलं खरं, पण जीव तुटत होता, आबा. बाथरूमचा नळ सोडून रडले.

रविवारी सकाळी गिऱ्हाईक आलं, दिवाळे गावचा एक कोळी, चांगला चाळिशीचा. त्यानं टायर अंगठ्यानं दाबला, खिशातून पेनाएवढा गेज काढून लावला आणि माझ्याकडं बघतच राहिला. "ताई, चालीस? ह्या गाडीन् माल काय भरता तुमी?"

माल काय! आबा, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ट्रक दुकानाला लागला की पाइप हातात घ्यायच्या आधी तुम्ही ड्रायव्हरला हेच विचारायचात, "माल काय हाय? किती हाय?" रिकामा असेल तर हवा सोडायचात सुद्धा. मी मात्र तुमचं ओरडणं तेवढं पाठ केलं, विचारणं विसरले. आमच्या गाडीत माल म्हणजे हे, मी आणि पाण्याची बाटली.

गाडी रात्रभर उभी होती, टायर थंडच होते. "गरम टायरवर माप खोटा येतो," म्हणत त्यानं तिथल्या तिथं हवा सोडून स्टिकरबरहुकूम केली. तो आणि मी चक्कर मारून आलो. गाडी अशी चालली की काय सांगू! खाली उतरून मी सांगून टाकलं, गाडी विकायची नाही. तो बिचारा डोक्याला हात लावून म्हणाला, "माझीच अक्कल मना नडली!"

आता हे रोज संध्याकाळी स्वतःहून विचारतात, "जायचं का एक चक्कर?" सगळं गोड झालंय, आणि म्हणूनच हे पत्र मी यांच्या हाती लागू देणार नाही. त्या रविवारी यांनी विचारलं होतं, "पण चाळीस भरायचं खूळ तुझ्या डोक्यात आलं कुठून?" तेव्हा मी पट्कन म्हणाले, "आबांनीच तसं शिकवलं होतं." हे हसून म्हणाले, "म्हणजे सासऱ्यांनाही कळत नव्हतं!" आणि मी, आबा, खापर तुमच्यावरच राहू दिलं.