धाकट्याच्या मागे

३ एप्रिल २०२५

साखर तीनशे बारा. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, लोक पितरांच्या नावाने तुम्हाला जेवू घालतात आणि तुम्ही पितर व्हायच्या मार्गाला लागलात." मला हसू आलं नाही. त्यांच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं कात्रण होतं. नीलकंठाचा फोटो, गळ्यात पदक. "तुमचे धाकटे बंधू ना हे? एकोणपन्नासाव्या वर्षी बेचाळीस किलोमीटर धावतात. शिका काही त्यांच्याकडून."

शिकतो! आई गेली त्या दिवशी हा लखनौला शर्यतीत धावत होता, फोन बंद ठेवून. अग्नी मी दिला. सहा वर्षं होतील आता. तेव्हापासून त्याच्याशी एक शब्द बोललेलो नाही. तो इथेच काशीत विद्यापीठात कारकून आहे, लंका मोहल्ल्यात राहतो. पौरोहित्य सोडलं, घर सोडलं, आईही सोडली. त्याच्याकडून शिका म्हणे.

५ एप्रिल

वैदेही म्हणाली, "अहो, नुसतं चाला ना सकाळी."

नाही. चालणार नाही, धावणार. नीलकंठ आणि त्याची टोळी दर रथसप्तमीला पंचक्रोशी धावत करतात. काशीभोवती ऐंशी किलोमीटर, माणसं पाच दिवस चालतात ती वाट, एका दिवसात. पुढच्या रथसप्तमीला मीही. आणि त्याच्या आधी मणिकर्णिका घाटावर परत येणार. वैदेहीला हे सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.

७ एप्रिल

घराखालच्या ब्रह्मा घाटावरून राजघाटाकडे. धोतर, बनियन, जुने कापडी बूट. दोनशे पावलं झाली आणि पायरीवर बसून ओकलो. एक नावाडी ओरडला, "पंडितजी, कौन पीछे पड़ा है?"

कुणी नाही. मीच एकाच्या मागे लागलोय.

१९ एप्रिल

शेजारचा रत्नाकर दारात दात घासत उभा होता. म्हणाला, "गोपीनाथ, तुलाही धाकट्याची हवा लागली का रे? त्याला तर आईला खांदा द्यायलाही फुरसत नव्हती." मी म्हटलं, खरं आहे. बरं वाटलं. पुढचा अर्धा किलोमीटर सहज गेला. राग पोटात असला की पाय उचलतात, हे आता कळलंय.

२ जून

टाच दुखते. पोटरीत गोळे येतात. पहाटे पाचलाच दगड तापलेले. तरी आज अर्धा तास न थांबता धावलो. पोरं हसली. हसू देत. धोतर सोडून पँट घातली, त्यावरही गल्लीत चर्चा झाली. या गल्लीला दुसरं काम नाही.

२४ जुलै

गंगा चढलीय, घाट पाण्याखाली. म्हणून सारनाथच्या रस्त्याला लागलो. समोरून नीलकंठ आला. थांबला. केस पांढरे झालेत त्याचे. म्हणाला, "दादा, टाच आधी टेकवू नकोस. पाऊल लहान टाक."

मी वळलो आणि उलट्या दिशेने निघालो. तो दिसेनासा झाल्यावर पाऊल लहान टाकून पाहिलं. टाच दुखली नाही. याचा राग सगळ्यात जास्त आला.

११ सप्टेंबर

पितृपक्ष. आज अकरा श्राद्धं. नांदेडच्या एक बाई पिंड हातात धरून म्हणाल्या, "गुरुजी, हे खरंच पोचतं का हो?" मी म्हटलं, "पोचतं, माई." नेहमीच्याच आवाजात. हा आवाज माझ्याकडे तयार असतो, हळद-कुंकवाच्या डबीसारखा.

मला माहीत नाही पोचतं की नाही. आठव्या वर्षापासून म्हणतोय हे मंत्र. आईच्या चितेशी म्हणत होतो तेव्हा पहिल्यांदा वाटलं की नुसतं तोंड चाललंय, आत कुणी नाही. तेव्हापासून तसंच चाललंय. लोक वाकून पाया पडतात. मला त्यांचीही चीड येते.

५ ऑक्टोबर

पंधरा किलोमीटर. सारनाथ आणि परत. नवव्या किलोमीटरला श्वास तुटायला लागला म्हणून रुद्र म्हणायला सुरुवात केली, नुसता ताल धरायला. दोन पावलांना एक नमः. नीलकंठाबद्दल विचार करायला गेलो, तर तेवढी ताकदच उरली नव्हती. रागालाही दम लागतो. मग फक्त नमः उरलं. नमः, पाऊल, नमः, पाऊल. कुणाला नमः, ते ठाऊक नाही. पण पहिल्यांदाच असं वाटलं की हा शब्द मी कुणालातरी म्हणतोय आणि कुणीतरी ऐकतंय.

घरी येऊन जिन्यावर बसून राहिलो. वैदेहीनं पाणी आणून दिलं.

६ ऑक्टोबर

राग परत आला. पण दुपारनंतर.

२१ डिसेंबर

चाळीस किलोमीटर. धुक्यात समोरची म्हैस दिसेना, धडकणार होतो. पायाचं एक नख काळं पडलंय. वैदेही तेल लावत होती. म्हणाली, "कशासाठी चाललंय हे सगळं?"

"त्याला हरवायचंय."

"आणि हरवलंत, की मग?"

चिडलो तिच्यावर. तीही काहीतरी बोलणार होती, पण वाटी उचलून आत गेली.

२४ जानेवारी २०२६

उद्या रथसप्तमी. साखर एकशे अठरा. त्यांची टोळी नऊ जणांची. मी दहावा, कुणी न बोलावलेला.

२६ जानेवारी

काल दिवसभरात जे झालं ते लिहितो.

पहाटे साडेचारला मणिकर्णिका. आयुष्यभर दुसऱ्यांना संकल्प सांगितले, काल स्वतःचा मनातच घेतला — नीलकंठाच्या आधी परत येण्यासाठी. असा संकल्प कुठल्या पोथीत नाही. नीलकंठानं मला पाहिलं, हात जोडले. मी मान फिरवली.

पहिल्या मुक्कामापर्यंत, कर्दमेश्वरापर्यंत, मी सगळ्यांच्या पुढे होतो. मूर्खासारखा पळालो. भीमचंडीच्या अलीकडे ते एकेक करून पुढे गेले, शेवटी नीलकंठही. गेला तो शांतपणे, माझ्याकडे न बघता. ऊन चढलं. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. मोहरीची शेतं आणि मी. मनातल्या मनात त्याला शिव्या घालत चाललो होतो. आवाज फुटला असता तर मोठ्यानं घातल्या असत्या.

रामेश्वराला पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. दोन्ही पोटऱ्या दगड झालेल्या. धर्मशाळेच्या ओट्यावर पडलो. कुणीतरी माझा पाय मांडीवर घेऊन चोळायला लागलं. नीलकंठ. बाकीचे आठ केव्हाच शिवपूरकडे गेले होते. हा तासभर तिथं बसून होता.

"तू पुढे हो," मी म्हटलं. सहा वर्षांनी त्याच्याशी बोललेले हे माझे पहिले शब्द.

"होतो. आधी हे मीठ-लिंबू पी."

प्यालो. उठलो. तो निघाला, पण वीसेक पावलंच पुढे राहिला. मी थांबलो की थांबे, चाललो की चाले. शिवपूर गेलं. शेवटच्या मुक्कामी, कपिलधारेला, सूर्य मावळला. तिथं मला रडू आलं. पाय दुखत होते म्हणून नाही. नमः म्हणायला गेलो आणि तोंडातून निघेना. जो ऐकतोय असं ऑक्टोबरात वाटलं होतं, तो काल ऐकतच होता. आणि त्याला सगळं ठाऊक होतं. त्याच्यासमोर ते पाठ केलेलं वाक्य चालेना — नीलकंठाचा फोन बंद होता.

फोन बंद नव्हता. मी लावलाच नाही.

आई त्या सकाळी शुद्धीवर होती. "नीलूला बोलाव," म्हणाली. चार वेळा म्हणाली. चार वर्षं तिचं हगणं-मुतणं मी आणि वैदेहीनं काढलं, आणि शेवटच्या घटकेला तिला नीलू हवा होता. फोन माझ्या हातात होता. मी तिला म्हटलं, लागत नाहीये. ती दाराकडे बघत राहिली. दुपारी गेली. मी घाईनं उरकलं सगळं. तो रात्री शर्यतीहून परतला तेव्हा चिता विझत आली होती. गल्लीनं विचारलं, मी सांगितलं — फोन बंद ठेवून पळत होता. सांगून सांगून मलाही खरं वाटायला लागलं. या वहीतसुद्धा तेच लिहिलं.

आठाच्या सुमाराला मणिकर्णिकेच्या पायऱ्या उतरलो. नीलकंठ शेवटच्या पायरीवर थांबला आणि मला पुढे जाऊ दिलं. त्याच्या आधी पोचलो मी. जसं ठरवलं होतं तसंच. चार चिता पेटलेल्या होत्या. संकल्प सोडवणाऱ्या पुरोहितानं विचारलं, "किसके निमित्त?" मी आईचं नाव सांगितलं. नीलकंठानं माझ्या मागून पाण्यात हात बुडवला आणि तिचंच नाव घेतलं.

तेव्हाच त्याला सांगायला हवं होतं. तोंड उघडलं नाही. ऐंशी किलोमीटर जमले, हे जमलं नाही.

२७ जानेवारी

दिवसभर अंथरुणात. पाय उचलत नाहीत. पडल्या पडल्या रुद्र म्हटला, सावकाश, एकेक शब्द. अजून ऐकलं जातंय. म्हणूनच झोप नाही.

२८ जानेवारी

सकाळी लंकेला गेलो, भिंत धरत धरत. सांगितलं सगळं, आईच्या चार हाकांसकट.

नीलकंठ म्हणाला, "माहीत आहे, दादा. वहिनीनं तेराव्यालाच सांगितलं होतं."

"मग गल्लीचं ऐकून का घेतलंस इतकी वर्षं?"

"मी सांगितलं असतं तर तू पौरोहित्य सोडलं असतंस. तोंड दाखवलं नसतंस कुणाला. तू सांगशील म्हणून थांबलो."

आईच्या हाका मात्र त्याला माहीत नव्हत्या; तेवढं वैदेहीनं सांगितलं नव्हतं. "चार वेळा?" त्यानं पुन्हा विचारलं. मग बूट घातले आणि मला ब्रह्मा घाटापर्यंत सोडायला आला. गल्लीच्या तोंडाशी रत्नाकर भेटला. नीलकंठाकडे पाहून त्याने तोंड वाकडं केलं. मी त्याला थांबवलं आणि मोठ्यानं, चार दारांना ऐकू जाईल असं, सगळं सांगितलं.