कोकरू अलीकडच्या काठावर

सोयगाव
२१ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

चि. सौ. अक्षदा,

तुझ्या आबाचा तुला भरभरून आशीर्वाद. माझ्या वाटचा बानूच्या दोन्ही गालांचा पापा घे. अजिनाथला सांग, दुसऱ्या शिफ्टवरून येताना कानटोपी घालत जा. वाळूजच्या रस्त्याला आता गारठा असंल.

मी इथं सुखरूप पोचलो. माझी बहीण सरूबाई बरी आहे. गुडघे चालत नाहीत, तोंड चालतं. आल्या आल्या म्हणाली, "दादा, सुनंनं हाकलून दिलं व्हय तुला?" मी म्हटलं, "नाय गं बाई. वाढती, गोळ्या देती, सदऱ्याला इस्त्री करून देती." ती म्हणाली, "मग तोंड का उतरलंय?" मी बॅग ठेवायचं निमित्त करून आत गेलो.

फोनवर बोलायला गेलो की तू "जाऊ द्या ना आबा, झालं गेलं" म्हणतीस आणि फोन बानूच्या हातात देतीस. घरात जेवलात का, गोळी घेतली का, याच्यापलीकडं बोलणं नाही. तू भांडली असतीस तर बरं होतं. सासऱ्याला भांडणाचं उत्तर देता येतं, या गप्प राहण्याचं येत नाही. म्हणून कागद घेतला. सहावी शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, लावून वाच.

तो मेळावाच डोक्यात घोळतोय. डोक्यावर पिवळा फेटा, खांद्यावर नवी घोंगडी, समोर आपल्या समाजाची दोनशे पोरंपोरी. "मेंढरांमागं फिरणारं पोर आज वाळूजला स्वतःच्या वर्कशॉपचा मालक!" माईकवाल्यानं मला असं चढवलं, की मी खरंच चढलो. काय काय बोललो! नवं काही करायचं तर आधी लोकांची अडचण हुडका. पहिलं यंत्र बिघडणारच, त्याला लाजू नका. चार माणसं हाताखाली घेतली तर चौघांचं ऐकायला शिका, हुकूम सोडायला अक्कल लागत नाही. त्यातला एक शब्द मी आजही मागं घेत नाही. हात पोळून घेऊन शिकलोय ते.

मग एका पोरानं विचारलं, "काका, तुमच्या यशाचं गुपित काय?" मी सांगितलं, कंपनीतली नोकरी सोडतो म्हटल्यावर सगळे हसले. एकटी अजिनाथची आई म्हणाली, "तुम्ही जावा. पोराचं मी बघते." हेच माझं गुपित. लई टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत तू पण वाजवत होतीस, डोळे पुसत पुसत.

त्याच संध्याकाळी तू मला पुण्याचं सांगितलंस. मोटारसायकलच्या बॅटरीवर चालणारं तुझं लोकर कातरायचं मशीन तिथल्या नवउद्योग केंद्रानं निवडलं होतं. एक वर्ष जागा मिळणार, हत्यारं मिळणार, धंदा शिकवणारी माणसं मिळणार. बानूला सोबत न्यायचं का घरी ठेवायचं, तेवढंच ठरायचं होतं. "आबा, आज तुमचं ऐकून धीर आला," असं म्हणालीस.

आणि मी म्हणालो, "तुला पक्की नोकरी आहे. घाई कशाला? पोर लहान आहे."

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगतोय, की लेकराच्या काळजीनं बोललो. अजिनाथला सांगितलं, इथं सरूबाईलाही सांगितलं. ती नुसती "हं" म्हणाली.

आता एक आगाऊपणा कबूल करतो. माळ्यावर तू जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेलं मशीन मी न विचारता पिशवीत घालून आणलं. काल ते सरूबाईच्या पोराच्या, कडुबाच्या मेंढ्यांवर चालवलं. आधी त्यानं टिंगल केली, "मामा, मेंढ्यांच्या दाढ्या करता व्हय?" एक मेंढी झाली, दुसरी झाली. कातडीला कुठं ओरखडा नाही. तिसऱ्या मेंढीला त्यानं मशीन माझ्या हातातून काढूनच घेतलं. शेवटी म्हणतो, "वहिनीला विचारा ना, असलं मला कधी देतील?" एक खोट सापडली. पातं लवकर तापतं, मध्ये मध्ये थांबावं लागतं. तेवढं बघ.

मेंढरं घेऊन परत निघालो तर वाटेत ओढा आडवा आला. तू शहरात वाढलीस, तुला ठाऊक नसंल. मेंढरं पाण्याला बिचकतात, कितीही हाका, पुढं सरकत नाहीत. मग धनगर एक कोकरू उचलतो आणि त्याला घेऊन आपण पलीकडं जातो. कोकरू तिकडून ओरडायला लागतं, त्याची आई पाण्यात शिरती आणि तिच्यामागं सगळा कळप उतरतो. तेच कोकरू अलीकडं धरून ठेवलं, तर ती आई जागची हलत नाही. कडुबानं कोकरू उचललं आणि मला पुढं बघवंना.

मेळाव्याच्या त्या रात्री जेवताना मी बानूला मांडीवर घेतलं आणि तुझ्यासमोर विचारलं, "आई लांब गेली तर तुला करमंल का गं?" पोरीनं भोकाड पसरलं. तुझा हात ताटातच थांबला. दुसऱ्या दिवशी तू पुण्याला नकार कळवलास. अक्षदा, ते मी सहज विचारलं नव्हतं. पोरगी रडंल हे मला माहीत होतं.

काळजी बानूची नव्हती गं, माझी होती. तू तिला घेऊन गेलीस, अजिनाथ शिफ्टला गेला, की मी कुणाशी बोलायचं? त्याची आई गेल्यापासून ते घर बानूच्या आवाजावर उभं आहे. दोनशे पोरांना "भिऊ नका" सांगून आलो आणि उंबऱ्यात पाय टाकताच मीच भ्यालो.

सोमवारी पुण्याला फोन लावला होता. तिथल्या सत्यशीला मॅडमला सांगितलं, नकार सुनेचा नाही, माझा आहे. बाई चांगल्या बोलल्या. पण तुझी जागा दुसऱ्याला दिली. ती गेली ती गेलीच. मी किती पानं लिहिली तरी ती भरून येत नाही. पुढची निवड जूनमध्ये आहे म्हणाल्या. अर्ज करायचा का नाही ते तुझं तू ठरव. माझ्याकडचे सल्ले मेळाव्यात संपले.

जायचं ठरवलंस, तर बानूला कडेवर घेऊन आधी मी जाईन. खोली बघीन, तिची बालवाडी बघीन, पलीकडं उभा राहीन. तू मागून ये. तिला घरीच ठेवायचं म्हणालीस, तरी पुन्हा तुझ्यासमोर तिला रडवणार नाही. आणि तुला यातलं काहीच नको असंल, माझं तोंडही नको असंल, तर कडुबाचं अंगण मोठं आहे. तसं कळव.

त्या संध्याकाळी तुला द्यायचं एक वाक्य मी स्टेजवरच खर्चून आलो होतो. उशिरा का होईना, लिहून देतो.

तू जा. पोरीचं मी बघतो.

तुझ्या टाळ्यांना न जागलेला,
आबा