रिंग काढलीस का?

मंगळवार, ४

गाडीने आज चढावर दगा दिला! इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी जागची हलत नाही. मागून हॉर्नवर हॉर्न.

सोमवारी आईला घाटापलीकडे मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यायचंय. तीन महिन्यांनी नंबर लागलाय. "चक्कर येते गं," एवढंच म्हणते. फाइलला हात लावू देत नाही — त्याचीच जास्त धास्ती. वर हट्ट, बाबा बरोबर हवेतच. आणि बाबा परक्या गाडीत पाय ठेवत नाहीत. म्हणजे हीच गाडी!

बाबा म्हणाले, "गिअरचं ऑइल जळलंय. ऑइल नि फिल्टर बदलू. गॅरेजला कशाला? मी काय मेलोय?" चाळीस वर्षं गॅरेज चालवलं त्यांनी. पण आता वाकवत नाही. म्हणजे गाडीखाली मी.

गुरुवार, ६

झालं एकदाचं. गिअरखालचा ऑइलचा पॅन सोडवताना अर्धं ऑइल माझ्या बाहीत. काळंकुट्ट, करपलेला वास. बाबा शेजारी खुर्ची टाकून हुकूम सोडत होते. "रिंग काढलीस का?" — "काढली!" ती तर आधीच खिशात होती. गाडीखाली जाताना बोटात अंगठी नको, हे त्यांनीच शिकवलंय.

नवा फिल्टर वर जाता जाईना. तळहाताने ठोकून बसवला.

शुक्रवार, ७

पुन्हा तेच! उलट जास्तच. चढाच्या मध्यावर गाडी मागे घसरायला लागली. हँडब्रेक ओढला म्हणून वाचले.

बाबा जेवले नाहीत. "माझंच काहीतरी सांगायचं राहिलं. डोकं चालत नाही हल्ली." हत्यारांची पेटी कुणाला तरी देऊन टाक म्हणाले. मला रडूच आलं. आई माझ्याकडे न बघता तेच ताट पुसत राहिली.

शनिवार, ८

सापडलं!! जुना फिल्टर कचऱ्यातून काढून पाहिला. नव्याच्या मानेभोवती रबराची कडी होती, याची मान बोडकी. म्हणजे जुनी कडी वर भोकातच अडकून राहिली, आणि मी नवा फिल्टर तिच्यावरच ठोकला. नीट बसलाच नाही, ऑइलबरोबर हवा ओढत होता. बाबा त्या रिंगबद्दल विचारत होते आणि मी बोटातली समजले!

त्यांना सांगितलं. आधी लालबुंद झाले, मग ठसका लागेपर्यंत हसले. "चाळीस वर्षांत असं गाढव माझ्या हाताखाली नव्हतं!" जीव भांड्यात पडला. चूक माझी होती, त्यांच्या डोक्याची नाही. मला एवढंच हवं होतं.

पॅन परत काढला. जुनी कडी हलक्या हाताने ओढून काढली, सगळं पुन्हा बसवलं.

एकच खटकतंय. त्या रबराला बाबा जन्मभर 'सील' म्हणत आले. सील फाटलं, सील बदल. रिंग कधीच नाही. असो.

रविवार, ९

चढावर तीन फेऱ्या. एकदाही अडखळली नाही!

सोमवार, १०

घाट आरामात चढलो. बाबा वाटभर गिअरच्या आवाजाकडे कान लावून, खुशीत. आई मागे, फाइल छातीशी धरून.

दवाखान्यात खिडकीतल्या बाईंनी फाइलवरचं नाव पुकारलं. आई उठली नाही. नाव बाबांचं होतं.