खबर देणाऱ्याचे नाव

सोमवार, ता. ३
नवी नोकरी, नवी खोली, नवी वही. एका दिवसात तिन्ही मिळाल्या म्हणजे ग्रह सुधारले म्हणायचे! खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. एक खिडकी, एक टेबल, एक खाट आणि कडी इतकी घट्ट की लावताना बोट चेमटलं. मला आवडली. खालून रस्त्याचा आवाज येतो, पण माणसं वर येत नाहीत. मला नेमकं तेच हवं होतं.

कचेरी म्हणजे जन्ममृत्यू नोंदणीची. मुलाखत हेडक्लार्कने घेतली. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. कामाचं त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. घरी कोण कोण आहे, हे मात्र तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा सांगितलं की कोणी नाही. आईवडील गेले, लग्न केलं नाही. भाऊबहीण? नाही. त्यांचा चेहरा एकदम सैल पडला आणि आजपासूनच बसा म्हणाले.

बहीण आहे. पण तीन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तिने चार नातेवाइकांसमोर सांगितलं होतं की आईबरोबर माझा भाऊही गेला असं मी समजते. मग मी तरी कशाला तिला जिवंत ठेवू? आईचं अखेरचं चाललं असताना मी एका कंपनीच्या सर्व्हरखोलीत होतो आणि फोन बाहेर ठेवावा लागला होता. बाहेर आलो तेव्हा तिचे चौदा फोन येऊन गेले होते. मी मुद्दाम उचलले नाहीत असं तिने ठरवून टाकलं. ठरवू दे.

मंगळवार, ता. ४
काम समजलं. लोकांना मृत्यूची नोंद करायला इथे रांगेत उभं राहावं लागतं. आता त्यांनी घरूनच ब्राउझरमध्ये फॉर्म भरायचा. सर्व्हरवरचा प्रोग्रॅम तो वाचणार, नोंदवहीच्या फायलीत एक ओळ घालणार आणि ‘नोंद झाली’ असं पान परत पाठवणार. प्रोग्रॅम माझ्या आधीच्या माणसाने लिहून ठेवलेत. यंत्र नवं आलंय, तेव्हा ते त्यावर बसवून चालते करायचे. तो माणूस कुठे गेला विचारलं, तर सोडून गेला म्हणाले.

मागच्या खोलीत मी, सर्व्हर आणि एक पंखा. तिघांत पंखा सगळ्यात बोलका.

गुरुवार, ता. ६
दोन दिवस तोंडावर पडलो. फाइल समोर दिसतेय, सर्व्हर म्हणतो फाइलच नाही. चालवायची परवानगी दिली, मालकी बदलली, ठरावीक फोल्डरात हलवली. तेच. शेवटी कळलं की आधीच्याने प्रोग्रॅम दुसऱ्याच जातीच्या यंत्रावर लिहून इकडे आणलेत आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटून आलंय. पहिल्या ओळीत कोणाकडून चालवून घ्यायचं त्याचं नाव असतं. त्या नावाला शेपूट लागलं, म्हणून त्या नावाचं कोणी सापडेना. शेपट्या छाटल्या, प्रोग्रॅम चालला. एवढ्याशा गोष्टीपायी दोन दिवस! तरी संध्याकाळी शीळ घालत घरी आलो.

आवक-जावकच्या बाईंनी चहा दिला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

सोमवार, ता. १०
आज चाचणी. फॉर्ममध्ये मृताचा नागरिक क्रमांक, मृत्यूची तारीख आणि खाली खबर देणाऱ्याचा क्रमांक. मनाने काहीतरी आकडे टाकले तर प्रोग्रॅम घेत नाही. तो मुख्य यादीत पाहतो आणि जिवंत माणसाचाच क्रमांक लागतो. खबर देणारा म्हणून माझा टाकला. तोच वर चालत नाही, दुसरा हवा. आणि दुसरा एकच क्रमांक मला पाठ आहे. वडील नव्हते, आई कामाला जायची, शाळेच्या दर फॉर्मवर पालक म्हणून ताईच सही करायची. शेजारी बसून मी तो क्रमांक इतक्या वेळा वाचलाय की झोपेतही म्हणेन.

टाकला. फोल्डरचं नावच ‘चाचणी’ होतं, काळजी कसली?

प्रोग्रॅम बसवणारा कोणीही करेल तेच मग केलं, मुद्दाम चूक करून पाहिली. मृत्यूची तारीख पुढची टाकली. हाताला आली ती २७, माझा वाढदिवस. प्रोग्रॅमने ती धुडकावायला हवी होती. त्याने ‘नोंद झाली’ म्हणून सांगितलं. म्हणजे आधीच्याने तारखेची तपासणीच घातली नव्हती. मी घातली. पुढची तारीख आता चालणार नाही.

खोटं कशाला लिहू, ताईच्या नावापुढे ‘नोंद झाली’ वाचून थोडं बरंही वाटलं. घे, म्हटलं, फिटंफाट.

मंगळवार, ता. ११
मूर्खपणा झाला. ‘चाचणी’ हे वेगळं फोल्डर नाहीच. आधीच्या शहाण्याने खऱ्या फोल्डरालाच ते दुसरं नाव देऊन ठेवलंय. कालची ओळ खऱ्या नोंदवहीत जाऊन बसली. कोणाला कळायच्या आत खोडली. भाऊसाहेबांना सांगितलं नाही.

शुक्रवार, ता. १४
ओळ परत आली आहे. तोच क्रमांक, तीच तारीख, तीच जागा. जुनी प्रत कुठूनतरी वर चढत असेल म्हणून आपोआप चालणारी सगळी कामं तपासली. तसं एकही नाही. कोणी कधी काय केलं त्याचा लॉग वाचला, कोणी फॉर्म भरलेला नाही. पुन्हा खोडली. जेवून आलो तर होती.

मी दहा वर्षं हे काम करतोय. यंत्र मनाने काही करत नाही.

सोमवार, ता. १७
भावोजींचा फोन आला, तीन वर्षांनी पहिल्यांदाच. ताई दवाखान्यात आहे. गेल्या सोमवारी दुपारी स्वयंपाकघरात उभी असताना खाली बसली ती उठलीच नाही. सगळ्या तपासण्या झाल्या, सगळ्या चांगल्या आल्या, आणि ती रोज थोडी थोडी ओसरत चाललीय. डॉक्टरांनी हात वर केलेत. ती माझं नाव काढते का, हे मी विचारलं नाही, तरी भावोजींनी सांगितलं की काढते.

सोमवारी दुपारी. लॉगमध्ये माझी चाचणी बारा वाजून चाळीस मिनिटांची आहे. किती वाजता, ते भावोजींना विचारलं. त्यांना प्रश्न विचित्र वाटला. पाऊणच्या सुमाराला, म्हणाले.

योगायोग असतात. असतातच.

बुधवार, ता. १९
दिवसभर जुनी नोंदवही वाचली. प्रत्येक ओळीत दोन तारखा असतात, मृत्यूची आणि नोंद केल्याची. नोंद नंतरची असायला हवी. नऊ ओळींमध्ये ती आधीची आहे. कुठे बारा दिवस आधी, कुठे वीस.

नववी ओळ आधीच्या माणसाची स्वतःची. खबर देणारी त्याची बायको.

आवक-जावकच्या बाईंना गाठलं. त्यांनी आधी कानांवर हात ठेवले, मग रडायलाच लागल्या. तो सोडून गेला नव्हता. घरी गेला होता. सकाळी चांगला होता, आणि बायको बाजारातून परत आली तेव्हा तिला दारातच सापडला.

गुरुवार, ता. २०
भाऊसाहेबांना धरलं. वाटलं होतं हसतील. हसले नाहीत, दार लावून घेतलं. म्हणाले की हे यंत्रामुळे नाही, कागदी वहीतही असंच होतं. पुढची तारीख पडली की वही ती खरी करते. जुने कारकून सहसा चुकत नसत, पण चालू करून बघायची खोड तुम्हा लोकांना असते. तुम्ही सगळे पहिली चाचणी घरच्याच माणसाच्या नावावर करता, कारण पाठ तेच असतं. म्हणून मी एकटा माणूस शोधत होतो. तीनदा विचारलं होतं तुम्हाला.

उलट माझ्यावरच डाफरले. वहीबद्दल आधीच का नाही सांगितलं, विचारलं, तर म्हणाले की सांगितलं असतं तर काम घेतलं असतंत का?

वर म्हणाले, कामं व्हायला हवीत. माणसं काय, मिळतात.

शुक्रवार, ता. २१
सर्व्हर बंद केला. डिस्क काढली. कोरी डिस्क घातली, सगळं पहिल्यापासून बसवलं. नोंदवहीची फाइल रिकामी केली, उघडून पाहिली.

रिकामी नव्हती. एक ओळ होती.

भावोजी म्हणतात, आता पाणीही चमच्याने पाजावं लागतं. येऊन जा म्हणतात. मी कोणत्या तोंडाने जाऊ? चौदा फोन. तेव्हा मी खरंच काही केलं नव्हतं. आता केलंय.

सोमवार, ता. २४
जुन्या डिस्कवर आधीच्याने लिहिलेला आणखी एक प्रोग्रॅम सापडला. नाव ‘दुरुस्ती’. ओळीचा नंबर द्यायचा आणि चुकीच्या क्रमांकाऐवजी बरोबर क्रमांक. बस. मध्येच त्याने स्वतःसाठी एक टीप टाकली आहे —

‘इथे रिकामं चालत नाही. करून पाहिलं.’

त्याखाली —

‘ती बरी आहे आता.’

शेपट्या छाटल्या. परवानगी दिली. चालतो.

मंगळवार, ता. २५
रिकामं घेत नाही. आईचा क्रमांक दिला — ‘ही नोंद आधीच झाली आहे’. हो. मला माहीत आहे.

मग भाऊसाहेबांचा दिला. लाज वाटली नाही, लिहून ठेवतो. ‘नातं जुळत नाही.’

खबर देणारा जवळचाच लागतो. मग उरलं कोण? भावोजी. भाची. ताईची मुलगी, आता अकरावीत असेल. तिचा क्रमांक शोधायला मला दोन मिनिटं लागली असती.

यंत्र बंद करून बाहेर पायरीवर बसलो. बाईंनी चहा आणला. प्यायलो नाही.

बुधवार, ता. २६
सकाळी माझा दिला. लगेच घेतला.

दुपारी भावोजींचा फोन. रडत होते. ताई उठून बसली. चहा मागितला, पांचट आहे म्हणून ओरडली. डॉक्टर चक्रावलेत.

मीही रडलो. सर्व्हरखोलीत. पंखा चालू होता म्हणून बरं.

नंतर ओळ पाहिली. वर मी. तारीख २७ — तीच. आणि खाली — खाली मी काही बदललं नव्हतं. वहीने आपणहून फिरवलंय.

खबर देणाऱ्याचे नाव — ताईचं.

आधीच्याचंही असंच झालं असणार. बायकोला वाचवलं, आणि तिलाच —

नाही. ताई यायलाच नको. इथून लांब आहे, आजारी आहे. कशाला येईल? आलीच नाही तर ती खबर कशी देणार? कदाचित मग —

गुरुवार, ता. २७
सकाळी तिचा फोन. आवाज बारीक झालाय, धमकावणी तीच. वाढदिवस आहे ना म्हणाली. आजारात फार विचार केला, चुकलं माझं, आईच्या वेळी तसं बोलायला नको होतं. गाडी करून निघते, भावोजी आहेत बरोबर, दुपारपर्यंत पोचते. खोलीचा पत्ता काल फोनवर भावोजींना मीच दिला होता.

येऊ नकोस म्हणालो. का, विचारलं. काय सांगणार? येऊ नकोस, मला भेटायचं नाही, असंच सांगितलं. कडक आवाजात. मग म्हणाली, तू तसाच राहिलास. फोन ठेवला.

चांगलं झालं. रागावू दे. जन्मभर रागाव, ताई, पण येऊ नकोस —

कचेरीत गेलो नाही. कडी लावलीय. खुर्चीतून उठायचं नाही. आधीचा दारात सापडला होता. म्हणून दारापाशी जायचं नाही.

साडेबारा. काही नाही. छाती ठीक. हात ठीक.

वही टेबलावर उघडी ठेवतो. तिने वाचली तर — निदान कळेल की राग खोटा —

जिन्यात पावलं. तिसऱ्या मजल्यावर कोणी येत नाही —

हळू चढतंय. मध्ये थांबतंय. धाप लागल्यासारखं. मागून भावोजींचा आवाज, जपून म्हणतात.

आली. वेडी. एवढं बोललो तरी आली.

दार वाजतंय. शाळेसाठी उठवायची तसंच — दोनदा, मग थांबून एकदा. हाक मारतेय. उघड म्हणतेय. उभं राहवत नाही म्हणतेय —

जायचं नाही. जायचं ना—

ती बाहेर जमिनीवर बसली वाटतं. रडतेय. चौदा वेळा नाही उचलला मी, आता दारही —

बारा चाळीस. जातो. कडी घट्ट आहे, दोन हात ला