नकाशातलं ओसाड कुरण

मु. वर्धाकाठचा तंबू, जि. चांदा
कार्तिक वद्य चतुर्थी

तीर्थरूप शालिकराम भाऊजींच्या पायांशी मुखरूचा दंडवत.

आमच्या कुंताबाईचा गुडघा आता वळतो का? इकडे सगळे खुशाल, फक्त गावचं कुरण तेवढं बेपत्ता होऊन राह्यलं आहे.

त्याचं असं झालं. दगडी कोळसा कुठे निघतो ते पाहायला सरकारनं नकाशेवाले साहेब पाठवले आणि मी त्यांची मोजणीची साखळी ओढायला लागलो. (नोकरी मामुली समजू नका, मी साहेबांच्या पुढे चालतो. साप निघाला तर तो आधी मला निघावा, अशी सरकारी व्यवस्था आहे.) वर्धा आणि पैनगंगेच्या संगमाजवळचं आमचं कुरण तुम्ही पाहिलंच आहे. दरसाल पूर गाळ टाकून जातो आणि दिवाळीपर्यंत गवत माणसाच्या डोक्यावर जातं. साहेब टेकाडावर तीन पायांची दुर्बीण लावून दिवसभर बघत होते. आत गावाची तीनशे गुरं चरत होती; दुर्बिणीला दिसलं ते गवत. शेवटी त्यांनी गवत कापणाऱ्या गोकुळाबाईला विचारलं, "ये जमीन किसकी है?"

म्हातारी म्हणाली, "कोन्या एकाची नाई बाप्पा, साऱ्याइची हाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला हिंदी येतं असं सांगूनच मी चिकटलो होतो. एवढं सगळं हिंदीत जमेना, म्हणून अर्ध्यावरच थांबलो: "किसी की नहीं." त्यांनी लगेच लिहून टाकलं, ओसाड.

आता ओसाड जागेत भोकं पाडायचं यंत्र येणार. गोकुळाबाई रोज तंबूपुढून जाताना विचारते, "काऊन रे मुखरू, तुले 'साऱ्याइची' म्हनता नाई आलं?" मी साखळीच्या कड्या पुसत बसतो.

आपला,
मुखरू

ता. क. बुधवारी मोठे साहेब जागेचा ओसाडपणा तपासायला येणार आहेत. गुरं दिसत नाहीत ती नाहीत, निदान ऐकू तरी यावीत. तुम्ही सुतार, तेव्हा गुरांच्या गळ्यात बांधायच्या पन्नास लाकडी घंटा तासून मंगळवारच्या डोंग्यानं पाठवा. आमच्या साहेबांना यातलं काही कळू नये.

ता. क. दुसरा. पाकिटाला डिंक मागायला गेलो, तर साहेबांनी पत्रच मागून घेतलं आणि सबंध वाचलं. (त्यांना मराठी वाचता येतं हे कोणाला ठाऊक?) पेन्सिलीनं 'पन्नास' खोडून 'शंभर' केलं आणि बाजूला लिहिलं, "बडे साहब ऊंचा सुनते हैं." (म्हणजे त्यांना कमी ऐकू येतं.)